कसबा सांगाव ते कल्पाक्कम

स्मरणिकेत ज्ञातीतील वकील, वैद्य व व्यापारी यांची चरित्रे नेहमीच येतात. या खेपेस आम्ही एका अणुअभियंत्याविषयी लिहीत आहोत. ते आपल्यापैकी आहेत काय, अशी पृच्छा कोणी करील; विद्येच्या प्रांती ती आम्ही गौण मानतो. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून शिकणाऱ्या आमच्या मुलांना हे चरित्र जवळचे वाटेल, एवढे कारण आम्हांस पुरेसे आहे.

श्री. शिवराम बाबूराव भोजे यांचा जन्म 1942 साली कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात, कसबा सांगाव या गावी झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1965 साली ते यंत्र-अभियांत्रिकीचे पदवीधर झाले व तुर्भे येथील अणुशक्ती केंद्राच्या प्रशिक्षणशाळेत दाखल झाले. पुढील सारे आयुष्य त्यांनी एकाच विषयास वाहिले. तो विषय म्हणजे द्रुत प्रजनक अणुभट्टी.

ही भट्टी म्हणजे काय? कोपरगाव-राहुरीकडील वाचकांनी गुऱ्हाळ पाहिलेले असते. रस काढून उरलेले चिपाड वाळवून तेच काहिलीखालच्या चुलाणात घालतात. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमपैकी शेकडा एक भागाहूनही कमी अंश सहज विखंडनक्षम असतो. उरलेला बहुतेक भाग साध्या भट्टीत चिपाडासारखा पडून राहतो. प्रजनक भट्टीत वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याच भागाचे प्लुटोनियम, म्हणजे नवे इंधन, बनते. गुऱ्हाळाची उपमा येथे मात्र अपुरी पडते; कारण या चुलाणात जळते त्याहून अधिक इंधन निर्माण करता येते!

अडचण उष्णता वाहून नेण्याची. पाण्याने न्यूट्रॉनांचा वेग मंदावतो. म्हणून येथे वितळलेला सोडियम धातू खेळवितात. तो हवेत पेट घेतो व पाण्याशी गाठ पडताच भडकतो. शिवाय गाभ्यातून जाताना तो किरणोत्सर्गी होतो. यास्तव त्याची उष्णता आधी सोडियमच्याच दुसऱ्या फेऱ्यास देऊन मग पाण्याची वाफ करतात. असल्या द्रव्याशी पुढची कित्येक वर्षे श्री. भोजे यांची गाठ होती.

1969-70 साली ते फ्रान्समधील कादाराश येथे चाचणी भट्टीच्या आराखड्यावर काम करीत होते. भट्टी मद्रासच्या दक्षिणेस समुद्रकाठी, कल्पाक्कम येथे उभी राहावयाची होती. 1974 साली पोखरणचा स्फोट झाला आणि फ्रान्सकडून समृद्ध युरेनियम मिळण्याची वाट बंद झाली. भट्टी बांधावयाची, पण तीत घालावयाचे काय? तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम व युरेनियम यांचे मिश्र कार्बाइड इंधन सिद्ध केले. जगात कोठेही ते भट्टीचे मुख्य इंधन म्हणून वापरलेले नव्हते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत तेजस्वी पान होय.

ऑक्टोबर 1985 मध्ये भट्टीतील साखळी-प्रक्रिया आपल्या बळावर चालू लागली. पण 1987 साली इंधन हलविताना एक इंधनजुडी वाकली व यंत्रभाग अडकून बसला. धगधगत्या किरणोत्सर्गामुळे आत हात घालण्याची सोय नाही. दुरून चालणाऱ्या अवजारांनी दुरुस्ती करण्यात सुमारे दोन वर्षे गेली. या भट्टीची वीज जाळ्यात आली ती 1997 साली. वृत्तपत्रे स्फोटाचे वर्णन करतात. असल्या दोन वर्षांचे कोण करणार?

श्री. भोजे 2000 साली कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. 2003 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 500 मेगावॉटच्या मोठ्या प्रजनक भट्टीच्या आराखड्यामागे त्यांचे दीर्घ परिश्रम होते. 2004 साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी तिचे बांधकाम सुरू झाले. ते लांबत गेले, त्यावर टीकाही झाली व ती सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. चाचणी भट्टीने आपली 40 मेगावॉट उष्णतेची पूर्ण क्षमता 2022 साली गाठली. मोठ्या भट्टीचा गाभा भरण्यास मार्च 2024 मध्ये आरंभ झाला, तेव्हा श्री. भोजे यांच्या निवृत्तीस वीस वर्षे होत आली होती.