दोन चंद्र आणि सदतीस हजार साक्षीदार

आपल्या दर्शनशास्त्रात भ्रमाची तीन उदाहरणं पिढ्यान् पिढ्या घोटली गेली. दोरीवर दिसणारा साप, शिंपल्यात दिसणारी चांदी आणि आकाशात दिसणारे दोन चंद्र. पहिल्या दोहोंवर आपण पुष्कळ बोलतो, तिसऱ्याकडे फारसं कोणी वळत नाही. डोळ्याला तिमिर नावाचा विकार झाला की एकाचे दोन चंद्र दिसतात. चंद्र एकच, दोष डोळ्याचा, असा तो जुना निवाडा. आज आम्ही अशा इतिहासाबद्दल बोलणार आहोत, ज्यात आकाशात एकाच्या जागी दोन दिसले, आणि डोळे मात्र अगदी निरोगी होते.

हे कसं शक्य आहे, ते वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मे महिन्यात अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघा, रस्त्यावर पुढे पाणी चमकताना दिसतं. ते पाणी नसतं, पण डोळाही खोटं बोलत नाही. कॅमेऱ्यातही ते उमटतं. तापलेल्या हवेमुळे प्रकाशाची वाट वाकलेली असते, एवढंच. आइन्स्टाइन यांनी सांगितलं की नुसत्या वस्तुमानानेही ही वाट वाकते. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात त्याची परीक्षा झाली. सूर्याच्या कडेला घासून येणारा किरण १.७५ विकला वळायला हवा होता, आणि मोजमाप त्या आकड्याच्या बाजूने गेलं.

पुढची गोष्ट एका हौशी माणसामुळे घडली. रुडी मांडल हा मूळचा चेक अभियंता १९३६ साली आइन्स्टाइनना भेटला. एक तारा दुसऱ्या ताऱ्याच्या बरोबर समोर आला तर तो भिंगासारखं काम करील, हे प्रसिद्ध करा, असा त्याचा हट्ट. आइन्स्टाइन यांनी छोटा निबंध लिहिला, त्यात मांडलचं नावही घेतलं, आणि हे प्रत्यक्ष दिसण्याची फारशी आशा नाही, असंही नोंदवलं. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी दाखवलं की ताऱ्याऐवजी अख्खी दीर्घिका भिंग झाली तर ते दिसू शकेल.

आपल्याकडेही हा विचार पोचला होता. १९७९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी एका कोड्याला हात घातला. काही क्वेसारचे भाग प्रकाशापेक्षा वेगाने दूर जाताना दिसतात, ते मधल्या गुरुत्वीय भिंगामुळे तर नसेल? त्या कोड्याचं उत्तर पुढे वेगळं ठरलं. पण त्याच वर्षी वॉल्श, कार्स्वेल आणि वेमन यांना सुमारे सहा विकला अंतरावर दोन क्वेसार सापडले, आणि दोघांचे वर्णपट सारखे निघाले. तो एकच क्वेसार होता. पुढे एका प्रतिमेतला चढउतार दुसऱ्या प्रतिमेत ४१७ दिवसांनी उमटतो, हेही मोजलं गेलं. एकाच घराकडून निघालेल्या दोन वाटा, एक थोडी लांबची.

पण सारखं दिसलं म्हणजे एकच, असं मात्र नाही बरं का. २००३ मध्ये सीएसएल-१ नावाची दीर्घिकांची जोडी चर्चेत आली. दोघी इतक्या सारख्या, की मधे वैश्विक तंतू असावा आणि त्यानेच एकीच्या दोन केल्या असाव्यात, असं मांडलं गेलं. २००६ मध्ये हबलने नीट पाहिलं. त्या खरोखरच दोन वेगळ्या दीर्घिका होत्या! म्हणून ‘असू शकेल’ आणि ‘आहे’ यांच्या मधली वाट चालावीच लागते.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. सर्वेक्षणांनी लाखो छायाचित्रं जमवली, ती बघणार कोण? संगणकाला शिकवलं, पण त्याच्या नजरेतूनही काही निसटतं. मग २०१३ मध्ये ‘स्पेस वॉर्प्स’ हा उपक्रम सुरू झाला. त्याच्या धुरीणांपैकी एक अनुप्रीता मोरे; पुण्याच्या आयुकाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. हवाई बेटांवरच्या एका दुर्बिणीच्या सर्वेक्षणातली चित्रं सगळ्यांसाठी खुली केली. सुमारे ३७ हजार सामान्य लोकांनी मिळून १ कोटी १० लाख वेळा निवाडा दिला. पिवळसर दीर्घिकेभोवती निळसर कंस दिसतो का, की तो नुसता सर्पिल दीर्घिकेचा बाहू आहे, एवढंच सांगायचं. संगणकाच्या हातून सुटलेले २९ आश्वासक उमेदवार त्यातून मिळाले. काही स्वयंसेवक तर पुढे जाऊन भिंगांचे गणिती नमुनेही करू लागले.

इथे तत्त्वज्ञानाचा खरा प्रश्न उभा राहतो. पदवी नसलेल्या माणसाची साक्ष प्रमाण कशी मानायची? त्या उपक्रमाने याला फार शहाणं उत्तर दिलं. खऱ्या चित्रांत अधूनमधून बनावट भिंगं मिसळली, आणि भिंग नाहीच अशी खात्री असलेली चित्रंही. कोण किती वेळा बरोबर ओळखतो, त्यावरून त्याच्या मताचं वजन ठरलं. आपल्या बाजारात कापसाची गाडी आली की जाणकार माणूस चिमूटभर कापूस घेतो, धागा ओढून पाहतो आणि प्रत सांगतो. त्याला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही, कारण त्याचं बोट अनेकदा पारखलेलं असतं. न्यायदर्शनाच्या भाष्यात वात्स्यायनांनी ‘आप्त’ म्हणजे विश्वासार्ह वक्ता कोण, ते सांगितलं आहे. ज्याला वस्तू प्रत्यक्ष कळली आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू, असं ते स्पष्ट म्हणतात. जन्म नाही, पीठ नाही. आमच्या मते हा विचार आपण ग्रंथात जपला आणि व्यवहारात फार कमी पाळला.

जानेवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या आकाशदर्शन कार्यक्रमाच्या प्रेक्षकांना अशाच शोधात एक लाल कंकण दिसलं. रेडिओ दुर्बिणींनी ते खरं ठरवलं. तो प्रकाश ११०० कोटी वर्षांहून जुना होता, आणि २०२३ मध्ये त्याच दीर्घिकेचं चुंबकीय क्षेत्र मोजलं गेलं. हातच्या कंकणाला आरसा लागत नाही. या कंकणाला मात्र प्रेक्षकांचे डोळे लागले आणि दुर्बिणींचा दाखलाही लागला.

२०२५ मध्ये युक्लिड दुर्बिणीच्या पहिल्या चित्रांतून ५०० उमेदवार भिंगांची यादी आली. आधी यंत्राने गाळलं, मग स्वयंसेवकांनी पाहिलं, मग तज्ज्ञांनी तपासलं. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत मोठी दुर्बीण नाही, ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो. ती खोटी नाही. पण आता चित्रं खुली आहेत आणि मोबाइल तर दर्यापूर-अकोटच्या पोरांच्याही हातात आहे. त्यांच्या मास्तरांनी आठवड्यातला एक तास काढावा. वीस चित्रं पाहावीत, प्रत्येकापुढे ‘भिंग’ किंवा ‘भिंग नाही’ लिहावं, आणि शेजारी कारण लिहावं. मग दोन मुलांनी एकमेकांची कारणं तपासावीत. आमची विनंती एवढीच, की कारणाचा रकाना कुणी रिकामा सोडू नये.