पेंड, सरकी आणि चुणी : नांदेड-लातूर परिसरातील पशुखाद्याच्या इतिहासाचा विचार

१

कोणत्याही प्रदेशाच्या कृषिविषयक इतिहासात मुख्य पिकांची नोंद विस्ताराने मिळते. कापसाचे क्षेत्र, तुरीचा भाव, तेलाची निर्यात यांचे आकडे सरकारी अहवालांत व व्यापाऱ्यांच्या वह्यांत लिहिलेले असतात. परंतु रुई काढून घेतल्यावर राहणारी सरकी, तेल काढल्यावर राहणारी पेंड आणि डाळ केल्यावर राहणारी चुणी यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले आहे. या वस्तू 'उरलेले' या एका शब्दात मोडतात आणि तेथेच त्यांचा विचार संपतो.

वजनाचा हिशेब केला तर मात्र हे दुर्लक्ष विलक्षण वाटू लागते. शेतातून वेचून आणलेल्या कापसात रुई सुमारे एक तृतीयांश असते. उरलेले दोन तृतीयांश वजन सरकीचे असते. शंभर किलो तुरीतून गिरणीत साधारणतः सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ मिळते व उरलेला चतुर्थांश चुणी, कणी आणि टरफल यांच्या रूपाने बाजूस पडतो. सोयाबीनमध्ये तेल शंभरात अठराच्या आसपास असून बाकी बहुतेक भाग पेंडीचा असतो. म्हणजे ज्यास आपण शेष म्हणतो तो कित्येकदा मुख्य पदार्थाहून अधिक असतो. हा शेष कोणाच्या मालकीचा होता, तो कोणत्या जनावराच्या मुखी जात होता आणि ही मालकी केव्हा व कशी बदलली, एवढ्याच प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचाराचे क्षेत्र नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरते मर्यादित ठेवले आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बिदर जिल्ह्यात मोडत असत. ते पुढे उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले व १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. शासकीय सीमा अशा बदलत राहिल्या, तरी पशुपालनाच्या दृष्टीने हा प्रदेश पुष्कळ अंशी एकच राहिला. देवणी व लाल कंधारी या गोवंशांच्या दोन नामांकित जाती याच भूमीतील होत.

२

घाण्याच्या पेंडीचा पशुखाद्य म्हणून उपयोग फार प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील गोध्यक्षाच्या प्रकरणात वेसण घातलेल्या, वाहनाच्या कामी येणाऱ्या बैलांचा खुराक सांगितला आहे. त्यात गवत व चारा यांच्या जोडीस एक तुळा पेंड, दहा आढक कोंडा आणि पाच पळे मीठ यांची तरतूद आहे. तेथे पेंडीसाठी 'घाणपिण्याक' हा शब्द येतो. त्यातील 'घाण' हे पद आपल्या 'घाण्या'स किती जवळचे आहे हे सांगावयास नकोच. राजाच्या गोशाळेत पेंड व कोंडा मापून दिला जात असे, एवढे यावरून स्पष्ट होते. सामान्य कुणब्याच्या दावणीचे चित्र मात्र यावरून उभे करता येत नाही, याचे भान ठेवले पाहिजे.

मध्ययुगीन दख्खनच्या कोरीव लेखांतही घाणा वारंवार भेटतो. देवळातील नंदादीपासाठी दर घाण्यामागे ठराविक माप तेल नेमून दिल्याचे उल्लेख चालुक्य व यादव काळातील लेखांत आढळतात. दान तेलाचे होते. पेंड लेखाच्या कक्षेबाहेर राही. ज्या वस्तूवर देवस्थानाचा किंवा राजाचा हक्क निर्माण होतो ती शिळेवर कोरली जाते, आणि जी गोठ्यात जिरते ती नोंदीवाचून राहते. पेंडीच्या इतिहासाची साधने विरळ का आहेत याचे कारण येथेच सापडते.

याच संदर्भात लाल कंधारी जातीविषयीच्या एका परंपरेचा उल्लेख करणे योग्य होईल. चौथ्या शतकात कंधार येथे राज्य करणाऱ्या सोमदेवराय नावाच्या राजाने या जातीस आश्रय दिला, असे पशुवैद्यकीय ग्रंथांतून पुन्हा पुन्हा लिहिले जाते व कधी कधी त्याचा संबंध राष्ट्रकूटांशी जोडला जातो. कंधारचा राष्ट्रकूटकालीन वारसा मान्य आहेच; परंतु मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचा उदय आठव्या शतकाच्या मध्यास झालेला आहे. तेव्हा ही परंपरा कालक्रमाचा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. आपल्या जनावरांविषयी या प्रदेशास वाटणाऱ्या अभिमानाची साक्ष म्हणूनच तिचे मोल आहे.

३

यंत्रयुगापूर्वी येथील जनावरांच्या आहाराचा पाया ज्वारीचा कडबा हा होता. त्याच्या जोडीस हरभरा व तूर यांचे भुसकट असे. कष्टाच्या दिवसांतील बैलास आणि दुभत्या गाई-म्हशीस मात्र यावर भागत नसे. त्यांच्यासाठी सरकी भिजवून, पेंड फोडून, चुणी व भरडा मिसळून आंबोण केले जाई. करडई, जवस, तीळ व भुईमूग ही या प्रदेशातील तेलबिया. त्यांतील करडई ज्वारीच्या शेतात पट्ट्यांनी किंवा बांधाकडेने पेरण्याची रीत होती. घरच्या जात्यावर डाळ भरडली की चुणी घरातच राही, आणि हाताने सरकी काढली की तीही घरातच राही.

या व्यवस्थेत ज्ञानाचाही मोठा वाटा होता. सर्व पेंड खाद्य नव्हे, हे शेतकरी अनुभवाने जाणत होता. एरंडीची पेंड विषारी म्हणून ती खताकडे जाई. निंबोळी व करंज यांच्या पेंडीचेही तेच. जवसाची पेंड पोट साफ ठेवते व अंगावर तजेला आणते, परंतु ती बेताने द्यावी, अशी समजूत होती. टरफलासकट गाळलेल्या करडईची पेंड कडवट व चोथट असते. रसायनशास्त्राने पुढे एरंडीतील रिसिन, जवसातील सायनाइडजनक द्रव्य आणि सरकीतील गॉसिपॉल यांचा शोध लावला. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावरास सरकी बेताच्या प्रमाणात सोसते आणि कोंबडीस ती बाधते, याचा उलगडा त्यामुळे झाला. तथापि गोठ्यातील व्यवहार त्या शोधाच्या कितीतरी आधी ठरलेला होता.

या वर्तुळाचे गौरवीकरण करण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. तेल्याच्या मोबदल्याची रीत सर्वत्र एक नव्हती; कोठे तो रोख, कोठे धान्याच्या आणि कोठे पेंडीच्या रूपाने दिला जाई. म्हणजे शेषाच्या मालकीविषयीची घासाघीस गावातही होतीच. ज्याच्या शेतात तेलबी नाही त्याच्या दावणीस पेंड नाही, आणि ज्यास शेतच नाही त्याची शेळी बांधावरच्या पाल्यावर जगे. तरीही एक गोष्ट निश्चित म्हणता येईल की, पेंड कोणाच्याही वाट्यास आली तरी ती शिवेबाहेर सहसा जात नसे. ती गावातील जनावरांच्या पोटात जाई व शेणखताच्या रूपाने गावाच्याच जमिनीत परत येई.

४

हे वर्तुळ प्रथम तुटले ते कापसाच्या बाबतीत. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग नांदेडवरून गेला. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत आला. लोहमार्गाच्या मागोमाग सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने आले. आता शेतकरी सरकीसह कापूस पेठेत नेऊन विकू लागला. भाव रुईच्या अंदाजाने ठरे; गाडीतील दोन तृतीयांश वजनाचा माल मात्र त्याच व्यवहारात त्याच्या हातून निघून जाई. ज्यास बैलासाठी सरकी हवी त्याने ती कारखान्याच्या दारातून विकत घ्यावी, अशी स्थिती आली. वस्तू तीच होती. मालक बदलला होता.

या परिणामाची जाणीव काही समकालीनांस झाली होती. १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानात फिरलेले कृषिरसायनज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात तेलबियांच्या निर्यातीचा प्रश्न मांडला. बी परदेशी गेले म्हणजे तेलाबरोबर पेंडही जाते, आणि पेंडीबरोबर जमिनीचा कस जातो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९२६ ते १९२८ मध्ये काम केलेल्या शाही कृषी आयोगाने मात्र निर्यातीवर बंदी वा जबर कर घालण्याची सूचना मान्य केली नाही; त्यामुळे उत्पादकास मिळणारा भाव उतरेल, अशी त्याची भूमिका होती. देशातच गाळप वाढावे हा मार्ग त्यास अधिक इष्ट वाटला. दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारार्ह होते. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न देशाच्या सीमेचा होता. माल गावाची सीमा ओलांडतो त्याच क्षणी शेतकऱ्याचा शेषावरील हक्क संपतो, हा मुद्दा मागेच राहिला.

ग्रामोद्योगाच्या चळवळीने तो वेगळ्या मार्गाने पुढे आणला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या वतीने वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी सुधारलेला घाणा तयार केला. बैलाचे श्रम कमी व्हावेत, तेल अधिक निघावे आणि पेंड मात्र गावातच राहावी, अशी त्यामागील दृष्टी होती. कारखान्याच्या वेगापुढे हा घाणा टिकू शकला नाही. तरी त्याने उपस्थित केलेला प्रश्न जुना झाला, असे म्हणता येत नाही.

५

दुसरा बदल अधिक खोल गेला, कारण त्याने शेषाचे स्वरूपच पालटले. बैलघाण्याच्या पेंडीत शंभरात दहा-बारा किंवा त्याहून अधिक तेल शिल्लक राही. एक्स्पेलर यंत्राच्या पेंडीत ते साधारण सहा-आठवर आले. हेक्झेनसारख्या द्रावकाने तेल काढण्याची पद्धत रूढ झाल्यावर ते एकच्या आसपास उतरले. गिरणीच्या दृष्टीने ही प्रगतीच होय. बैलाच्या दृष्टीने तीच पेंड आता प्रथिनांत समृद्ध परंतु स्निग्धांशास पारखी झाली.

लातूरच्या पेठेत डाळगिरण्यांचा विस्तार झाला आणि घराघरांतील जात्यावरची चुणी गिरणीच्या कोठारात एकवटली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोयाबीन आले व थोड्याच काळात त्याने या जिल्ह्याचे खरिपाचे चित्र बदलून टाकले. सोयाबीनची तेलरहित पेंड मुख्यत्वे कुक्कुटपालनाकडे व निर्यातीकडे वळली. ज्वारीचे क्षेत्र घटले तसा कडबाही आटला. ज्वारी धान्य व वैरण दोन्ही देई, करडई तेल व पेंड दोन्ही देई. सोयाबीनचे भुसकट हलक्या प्रतीचे, आणि त्याची पेंड तर शेतकऱ्याकडे परत येतच नाही. सरकीच्या पेंडीचे वायदे विसाव्या शतकानंतर थेट राष्ट्रीय वस्तुबाजारात होऊ लागले व अकोला हे त्यांचे माल पोचविण्याचे केंद्र ठरले. गोठ्यातील आंबोणाचा भाव अशा रीतीने गोठ्याशी संबंध नसलेल्या सट्ट्याशी बांधला गेला.

केंद्रीकरणाबरोबर नवे धोकेही येतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांचे हजारोंनी मृत्यू झाले तेव्हा त्याचे मूळ ब्राझीलमधून आलेल्या, बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले व अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख जगास झाली. घाण्यावरची ताजी पेंड आठवड्याभरात संपत असे. साठवणुकीची व दूरच्या वाहतुकीची पेंड ओल धरते. तपासणीची गरज त्यामुळेच उत्पन्न झाली.

६

या सर्वांचा परिणाम देवणी व लाल कंधारी या जातींवर झाला. देवणी ही दूध व ओढकाम या दोहोंसाठी ओळखली जाणारी जात; तिचे वानेरा, बालंक्या व शेवेरा हे रंगावरून केलेले प्रकार जाणकार दुरून ओळखतात. लाल कंधारीचा बैल मध्यम बांध्याचा, काटक आणि थोड्या खुराकावर कामास उभा राहणारा. या जाती कमी होण्याचे प्रमुख कारण ट्रॅक्टर व संकर हे होय, यात शंका नाही. परंतु बैल ठेवणे परवडेनासे झाले, या वाक्याचा अर्थ तपासला असता त्यात खुराकाचा खर्च मोठा आढळतो. आणि पूर्वी हा खुराक विकत घ्यावा लागत नसे. यंत्र दारी येण्यापूर्वीच बैलाचे अन्न घराबाहेर गेले होते, हा क्रम इतिहासकाराने नजरेआड करू नये.

कारखान्यात तयार होणारे संतुलित पशुखाद्य, परभणीचे कृषी विद्यापीठ (१९७२) व उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय (१९८७) यांच्याद्वारे झालेला ज्ञानप्रसार यांमुळे दुभत्या जनावराच्या आहारात सुधारणा झाली, हेही तितकेच खरे आहे. जुन्या घाण्याकडे परत जाणे शक्य नाही व ते येथे सुचवावयाचेही नाही. मात्र दुष्काळ आला म्हणजे मूळ प्रश्न उघडा पडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरच्या लोकांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. जो लोहमार्ग एके काळी येथील माल बाहेर नेण्यासाठी आला त्याच दिशेने पाणी आत आले. त्या वर्षी छावण्यांतून जनावरांपुढे उसाचे वाढे पडले. म्हणजे संकटात पुन्हा शेषावरच भिस्त ठेवावी लागली.

शेष गावात कसा राहील, याचे उत्तर सहकारी गाळप, सहकारी डाळगिरणी किंवा अन्य कोणती व्यवस्था देईल, हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढील काम निराळे आहे. निजामी राजवटीचे दप्तर उर्दूत आहे, व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्यांपैकी काही मोडीत आहेत. त्या वाचणारे थोडे उरले आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत व हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात आजही अशी वृद्ध माणसे भेटतात की, ज्यांनी चालता घाणा पाहिला आहे आणि कोणत्या बैलास कोणती पेंड किती द्यावी हे ज्यांस मुखोद्गत आहे. कागद काही काळ थांबतील. ही माणसे थांबणार नाहीत. म्हणून या विषयाच्या संशोधनास दप्तरखान्याआधी यात्रेच्या मैदानातून आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.