कार्ल्सबर्ग रांग : अरबी समुद्राच्या तळाचा इतिहास

बाग सेवनियापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपले बाप्पा तलावाच्या पाण्यात विसर्जित होतात. भरती-ओहोटी आपण पाहतो ती सुट्टीत मुंबईला किंवा कोकणात गेलो तरच. तरीही आपल्या परिसराचा समुद्रतळाशी फार जुना संबंध आहे. भोपाळच्या टेकड्या विंध्य वालुकाश्माच्या. पण सीहोरच्या दिशेने निघालो की काळी माती सुरू होते. माळव्याच्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची झीज होऊन ती तयार झाली. सह्याद्रीचे कडे, वेरूळची लेणी ज्यात कोरली तो खडक आणि माळव्याचे पठार, हे सगळे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. पुढे सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला आणि मधल्या भेगेतून समुद्राचा नवा तळ तयार होऊ लागला. ते काम आजही चालू आहे. ज्या पाण्याखालच्या डोंगररांगेत ते चालते तिचे नाव कार्ल्सबर्ग रांग.

आपल्या समुद्रातल्या रांगेला हे परके नाव कसे मिळाले? १९२८ ते १९३० या काळात डेन्मार्कचे 'डाना' हे जहाज जगभरच्या समुद्रांत संशोधन करत फिरले. त्या मोहिमेला कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचे पाठबळ होते आणि हे प्रतिष्ठान कोपनहेगनच्या एका बिअर कारखानदाराने १८७६ मध्ये स्थापन केले होते. अशा रीतीने रांगेला नाव मिळाले. पाठोपाठ १९३३-३४ मध्ये जॉन मरे मोहिमेने इजिप्तच्या 'मबाहिस' जहाजावरून अरबी समुद्राचा तळ अधिक बारकाईने मोजला. तिचे नेतृत्व करणारे सेमूर सेवेल हे त्याआधी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक होते.

या रांगेचे खरे मोल १९६२ मध्ये कळले. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या त्या दिवसांत ब्रिटिश जहाज 'ओवेन'ने रांगेवरून चुंबकीय मापने घेतली. ती केंब्रिजच्या ड्रमंड मॅथ्यूज यांनी जमवली आणि त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने त्यांचा अर्थ लावला. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा खडकात कायम होते. ही दिशा अधूनमधून उलटते. त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट पट्टे पडतात, आणि तळ मधून दोन्हीकडे सरकतो आहे हे त्यांवरून ओळखता येते. १९६३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. खंड सरकतात हे मानायला जग तयार झाले, त्यात आपल्या अरबी समुद्राच्या तळाचा असा वाटा आहे. ही रांग वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर पसरते, म्हणजे जवळजवळ आपली नखे वाढतात त्या गतीने.

या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. गोव्यात दोना पावलाला तिचे मुख्यालय आहे. संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून धातूंचे पहिले गोटे वर काढले. १९८३ मध्ये 'सागर कन्या' आले.

दरम्यान १९७७ मध्ये पॅसिफिक महासागरात गॅलापागोसजवळ 'अल्विन' ही पाणबुडी अडीच हजार मीटर खाली उतरली. मोहीम भूगर्भशास्त्रज्ञांची, एकही जीवशास्त्रज्ञ बरोबर नव्हता. त्यांना दिसले गरम पाण्याचे झरे आणि त्यांभोवती दाटीने राहणारे शिंपले, खेकडे आणि नळीतले किडे. भेगांतून आत शिरलेले समुद्राचे पाणी खालच्या उष्णतेने तापते, खडकातले धातू विरघळवते आणि पुन्हा वर उसळते. दोनच वर्षांनी सुमारे साडेतीनशे अंशांवरचे झरे सापडले. वरच्या पाण्याच्या प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. बर्फासारख्या थंड पाण्यात येताच धातूंची काळी संयुगे बाहेर पडतात आणि त्यांची धुराडी उभी राहतात. सूर्यप्रकाश नाही; तिथले जीवाणू रसायनांवरच अन्न तयार करतात.

कार्ल्सबर्ग रांगेवर २००३ मध्ये अशा तप्त पाण्याचा सुमारे ७० किलोमीटर लांबीचा लोट आढळला. पुढे गोव्याच्या शास्त्रज्ञांनीही रांगेवर शोध घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नई आणि गोव्याच्या संस्थांनी मिळून हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवरच्या जिवंत झऱ्याची छायाचित्रे मिळवली.

आता या शोधाला दुसरी बाजूही आहे. धुराड्यांत तांबे, जस्त, सोने आणि चांदी असते. २०१६ मध्ये भारताला आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडून मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागराच्या रांगांवर शोधाचा हक्क मिळाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेवर १०,००० चौरस किलोमीटरचा. हे हक्क शोधाचे आहेत, खाणकामाचे नाहीत. पण खाणकामाचा विचार त्यामागे आहेच. याच महासागरात २००१ मध्ये लोहयुक्त खवल्यांची एक गोगलगाय आढळली. तिचे निवासस्थान फारच थोडे. २०१९ मध्ये, समुद्रतळाच्या खाणकामाचा धोका असल्यामुळे, तिला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घालावे लागले.

विद्युत वाहनांना, तारांना धातू लागतात हे खरे आहे. पण नफा आधी आणि सुरक्षेचा विचार मागून आला की काय होते, हे १९८४ पाहिलेल्या भोपाळला कुणी सांगायला नको. ज्या शहरावर ती रात्र आली त्याने या प्रश्नाकडे लक्ष ठेवावे, एवढे तरी या इतिहासातून आपण घेऊ शकतो. तळाशी काय आहे हे पुरते कळायच्या आत तो उपसायचा की नाही, याचा निर्णय येत्या काही वर्षांत होणार आहे. तो आपल्या नावाने होईल. तेव्हा त्याबद्दल वाचावे, विचारावे आणि घरातल्या मुलांशी बोलावे. गोव्याच्या संस्थांत किंवा त्या जहाजांवर उद्या त्यांच्यापैकीच कुणी असेल.