पीपी नंबर आणि बेल्जियमचं एक्स्चेंज

पीपी नंबर म्हणजे काय, हे आई-बाबांना विचारून बघा. शेजारच्या काकूंचा फोन नंबर आपल्या अर्जावर लिहायचा आणि पुढे कंसात 'पीपी'. अख्ख्या चाळीत फोन एकच, आणि नव्या फोनसाठी वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट. आज गंमत वाटते, पण एका फोनमागे इतकी माणसं असण्याच्या या सवयीनं एका नावाजलेल्या परदेशी यंत्राला घाम फोडला होता.

तर मंडळी, थोडं मागे जाऊ. बंगळूरची आयटीआय १९४८ साली सुरू झाली आणि ब्रिटिश सहकार्यानं स्ट्रॉजर पद्धतीची एक्स्चेंजेस बनवू लागली. हे यंत्र म्हणजे शुद्ध खटाखट! तुम्ही डायल फिरवलीत की विजेचे झटके जायचे, पाचला पाच आणि शून्याला दहा. प्रत्येक झटक्याला एक्स्चेंजमधला सिलेक्टर एकेक पायरी वर चढायचा नाहीतर बाजूला सरकायचा. झीज भरपूर, तेलपाणी आणि साफसफाई रोजची. पण एक गुण होता. एखादा सिलेक्टर अडकला तर नुकसान तेवढ्यापुरतंच.

१९६४ साली आयटीआयनं बेल्जियमच्या कंपनीशी 'पेंटाकोंटा' क्रॉसबार एक्स्चेंजसाठी करार केला. इथे आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते. इलेक्ट्रोमॅग्नेटनं पट्ट्या जराशा फिरतात आणि जिथे छेदतात तिथे संपर्क जुळतो. हालचाल कमी, म्हणून झीजही कमी. शिवाय डोकं वेगळं आणि हात वेगळे. तुम्ही फिरवलेले आकडे 'रजिस्टर' नावाचा भाग लक्षात ठेवतो, जोडणी झाली की तो मोकळा होऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्यामुळे हजारो फोनना मोजकी रजिस्टर्स पुरतात. आपण सर्व्हरवर कनेक्शन पूल ठेवतो, अगदी तसंच.

आता मोजकी म्हणजे किती? इथेच गोम आहे. तो हिशोब युरोपातला होता. तिथे फोन घरोघरी, म्हणून एकेका फोनवर कॉल्स बेताचे. आपल्याकडे फोन थोडे, वापरणारे फार. लाइन एंगेज लागली की आपण काय करतो? पुन्हा फिरवतो. पुन्हा एंगेज, पुन्हा फिरवतो. प्रत्येक प्रयत्नाला एक रजिस्टर अडकतं, मग कॉल लागो वा न लागो. सगळी रजिस्टर्स अडकली की बाकीच्यांना डायल टोनच मिळत नाही. ते वैतागून आणखी खटखट करतात. आपल्या भाषेत रिट्राय स्टॉर्म! डोकं सामायिक असल्यामुळे गळा सगळ्यांचाच आवळला जायचा.

यंत्र वाईट नव्हतं हो. त्याच्या गावात ते झकास चालत होतं. इथे मात्र शिव्या खाल्ल्या त्या टेलिफोन खात्यातल्या माणसांनी. पुढे खात्याचं टेलिकम्युनिकेशन रिसर्च सेंटर आणि आयटीआय इथल्या इंजिनियर मंडळींनी ते डिझाइन आपल्या रहदारीसाठी बदललं. त्यातून 'इंडियन क्रॉसबार' उभा राहिला. मूळ डिझाइन दुसऱ्याचं, श्रेय कुणी देत नाही, आणि फोन मात्र चालू राहिला पाहिजे. अशा कामाला टाळ्या नसतात.

पण हा धडा वाया गेला नाही. १९८४ साली सी-डॉट स्थापन झाली तेव्हा अटी आधीच ठरल्या होत्या: भरपूर कॉल्स, धूळ, उन्हाळा आणि एसी नाही. त्यांचं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला लागलं आणि एसीविना चाललं. खटाखट संपली, कारण हे एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक होतं. पण त्याचा टेस्ट प्लॅन मात्र क्रॉसबारनं खाल्लेल्या शिव्यांतून आला होता, असं म्हणायला हरकत नाही.

सोमवारी लोड टेस्ट लिहायला बसाल तेव्हा 'एक युजर' म्हणजे नक्की किती माणसं, हे एकदा विचारा. आपल्याकडे एका ओटीटी पासवर्डमागे आजही अख्खी चाळ असू शकते!