भरल्या ताटाचे सोबती

'असतील शिते तर जमतील भुते' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. २०१६ च्या ऑक्टोबरात टोरोंटोचा गायक ड्रेक याचे 'फेक लव्ह', म्हणजे 'खोटे प्रेम', हे गाणे निघाले, ते अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेले, आणि त्यात तक्रार होती ती हीच! नाव झाले, आणि तोंडदेखली माया करणारे भोवती जमले.

हे गाणे रॅपच्या परंपरेतले. रॅप म्हणजे तालावर झपाझप बोललेले गाणे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात १९७३ च्या सुमारास त्याचा उगम झाला. १९८४ मध्ये ब्रुकलिनच्या 'हूडिनी' या मंडळीनेही मित्र म्हणावे तरी कोणाला, असा प्रश्न रॅपमधून विचारला होता. पण या तक्रारीचे मूळ शोधायचे तर आणखी मागे जायला हवे.

बेसी स्मिथ ही टेनेसी राज्यातील चॅटनूगा गावची कृष्णवर्णीय गायिका. आईबाप लवकर गेले. पोर रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवी. १९२३ मध्ये तिची पहिली तबकडी निघाली आणि अफाट खपली. पुढे तर बाई दौऱ्यावर निघे ती स्वतःच्या मालकीच्या आगगाडीच्या डब्यातून! १५ मे १९२९ रोजी तिने जिमी कॉक्सचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. पैसा होता तोवर मित्रांवर उधळला, तो सरल्यावर कोणी ओळख देईना, असा त्याचा आशय. अवघ्या पाच महिन्यांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मंदीत तबकड्यांना गिऱ्हाईक उरले नाही, आणि १९३१ मध्ये कंपनीने तिच्याशी असलेला करार संपवला. परक्याचे म्हणून गायलेले गाणे तिच्याच वाट्याला आले, म्हणा ना!

१९३७ मध्ये मोटार अपघातात ती वारली. फिलाडेल्फियात अंत्यदर्शनाला हजारो माणसे लोटली. पण तिच्या थडग्यावर नावाचा साधा दगडही तेहेतीस वर्षे बसला नाही.

तो बसला १९७० च्या ऑगस्टमध्ये. खर्च दोघींनी वाटून घेतला. एक वानिता ग्रीन. लहानपणी तिने बेसीच्या घरी झाडलोट केली होती. दुसरी गोरी गायिका जॅनिस जॉप्लिन. तिचा जन्मच मुळी १९४३ चा. म्हणजे बेसीला तिने पाहिले असण्याचा प्रश्नच नाही. दोनच महिन्यांनी जॅनिसही गेली.

खोट्या मित्रांवर गाणी पुष्कळ झाली, आणि पुढेही होतील. पण इतिहास वाचणाऱ्याने हा दगडही ध्यानात ठेवावा. अंत्ययात्रेला गर्दी जमते. ती किती खरी, हे सांगणे कठीण. पण जिच्याकडून आता काहीच मिळायचे नाही, तिच्यासाठी ज्यांनी खिशात हात घातला, त्यांच्या प्रेमाला खोटे कोण म्हणेल?