चुंबक लांब नेताना

नवीन पनवेलला, कळंबोलीच्या हायवेजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. सूर्यावरच्या स्फोटांचा पृथ्वीला बसणारा हिसका मोजणाऱ्या विद्येचं हे आजचं घर. तिचं माहेर मात्र कुलाबा.

तिथल्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकाच्या नोंदी होऊ लागल्या. टांगलेला चुंबक किती सरकला, हे माणूस दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायचा आणि वहीत आकडा मांडायचा. तासातासाला, रात्रीसुद्धा. चुंबक अस्वस्थ झाला की काही मिनिटांच्या अंतराने.

1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यडागांवर अचानक लख्ख उजेड दिसला. साडेसतरा तासांनी, 2 सप्टेंबरला, त्याचं वादळ पृथ्वीवर थडकलं. जगात कुठे कुठे रात्रीचं आकाश लाल झालं. वादळ ऐन भरात आलं तेव्हा मुंबईत दिवस होता, त्यामुळे आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. इथे ते कळलं एकट्या चुंबकाला. क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरलं आणि तो आकडा कुणीतरी इमानाने वहीत उतरवला. त्या हाताचं मला फार अप्रूप वाटतं. 2003 मध्ये त्सुरुतानी, लाखिना, अलेक्स प्रभृतींनी त्या महावादळाचा जोर मोजला, तो याच नोंदींवरून.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने चुंबक बिथरला असता. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडलं. 1904 ला तिथे लोखंडाचा स्पर्श टाळून बांधलेल्या खोल्यांत मोजमाप सुरू झालं. ते आजही चालू आहे.

पण जमिनीवरचा चुंबक वादळ आल्यावरच बोलतो. आधी कळायचं तर वाटेतच चौकी हवी. 2 सप्टेंबर 2023 ला, कुलाब्याच्या त्या नोंदीच्याच तारखेला, आदित्य-एल1 हे सूर्याचा अभ्यास करणारं यान निघालं आणि 6 जानेवारी 2024 ला पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर स्थिरावलं. सौरवाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा तिथे आधी कळते. ती दक्षिणेकडे असली तर धोका, कारण मग ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. सावध व्हायला मिळतो तो जेमतेम तासभर.

तिथला चुंबकमापक यानाला चिकटवलेला नाही. यानातल्या विजेचा उपद्रव होऊ नये म्हणून तो 6 मीटर लांबीच्या दांड्यावर बसवला आहे. मूस यांनी चुंबक खाडीपलीकडे नेला, तोही याच कारणासाठी.