एका तिकिटातले वृत्त आणि भय

महानगरांतील महोत्सवांत आज माहितीपटांचे खेळ निराळे आणि भयपटांचे मध्यरात्रीचे खेळ निराळे असतात. परंतु मौजे रिठद, तालुका रिसोड, यासारख्या वऱ्हाडी गावांतून बैलगाडी जुंपून जत्रेतल्या फिरत्या टॉकीजचा तंबू गाठणाऱ्या प्रेक्षकाला हे दोन्ही प्रकार एकाच तिकिटात, एकाच कापडावर, लागोपाठ पाहावयास मिळत. ही सांगड कोणा रसिकाने नव्हे, सरकारी हुकमाने घातली होती. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन हे सरकारी खाते स्थापन झाले आणि मुख्य चित्रपटाआधी त्याचे समाचारचित्र अथवा माहितीपट दाखविणे ही परवान्याची अट होऊन बसली. धरणे, महापूर, देवीची लस, मंत्र्यांचे दौरे अशी दृश्ये धीरगंभीर निवेदनासह सरकू लागली की बरेच बाप्ये बिडी ओढण्यास कनातीबाहेर पडत. १९५२ च्या जानेवारीत मुंबईस देशातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरविला, तोही याच खात्याने!

वस्तुतः आपल्या सिनेमाचा आरंभच वास्तवचित्रणाने झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्यास चौदा वर्षे अवकाश होता.

भयपटाचे नशीब मात्र उफराटे. रामसे बंधूंनी महाबळेश्वरी जाऊन अल्प खर्चात उभा केलेला 'दो गज जमीन के नीचे' १९७२ साली आला, १९८४ साली 'पुराना मंदिर' आला. समीक्षकांनी नाके मुरडली, लहान गावांनी मात्र गर्दी केली. तंबूत पडद्याच्या एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस स्त्रिया बसण्याचा रिवाज अनेक ठिकाणी होता, त्यामुळे एकाच भुताच्या उजव्या हाताचा पंजा पलीकडच्यांना डावा दिसे. वाऱ्याने कापड फुगले की हवेलीही डुलू लागे आणि किंकाळीच्या जागी हशा पिकत असे. हे भय फार मायाळू होते, असे माझे मत आहे. दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९) हा माहितीपट मात्र विदर्भातील शेतकरी आत्महत्यांपाशी थांबतो, तेथे असा हशा कोठून पिकणार?

पुढे व्हिडिओने आणि दूरदर्शनने तंबूंची रया घालविली. तो व्यवसाय मोडकळीस येत असताना शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील फिरत्या टॉकीजवरच 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला आणि २०१६ साली कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला.